फाटकाचा डाग

ए चष्मिष, तो मोबाईल खाली ठेव. ऐकायचं तर माणसासारखं ऐका, नाहीतर जा झोपायला. आणि भूतबीत काही नसतं असं ज्याला म्हणायचंय, त्यानं ते उद्या उजेडात म्हणावं.

ही माझ्या साडूची गोष्ट. टीव्ही दुरुस्त करायचा. डोकं पटकन उडायचं, म्हणून सगळे त्याला फ्यूज म्हणत. खोटं बोलायची त्याला अक्कलच नव्हती, एवढं ध्यानात ठेवा.

नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. रात्रीचे साडेदहा. दुकानाचं शटर ओढून फ्यूज एका म्हाताऱ्याकडे टीव्ही आणायला निघाला. म्हातारा जन्मभर बस चालवून रिटायर झालेला. बायको जाऊन महिना झाला होता. दुपारी फोनवर म्हणाला होता, "विकून टाक नाहीतर फोडून टाक. पण आज ने. मला तो डोळ्यांसमोर नको."

त्या घराची कथा सगळ्या गल्लीला ठाऊक होती. एकुलता एक पोरगा. तीन वर्षांपूर्वी बापाशी भांडला. कशावरून? भाजीत मीठ नाही म्हणून ताट सरकवलं. बस, एवढ्यावरून. बाप ओरडला, "नीघ! मी हाक मारेपर्यंत या फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही." पोरगा गेला आणि त्याच रात्री मोठ्या रस्त्यावर ट्रकखाली आला. जन्मात बापाचं काही ऐकलं नव्हतं, तेवढं एक ऐकलं.

आईनं मग दारावर कॅमेरा बसवून घेतला, फाटकाकडे तोंड करून. त्याचं चित्र टीव्हीवर. रात्रंदिवस तेच, बंद फाटक. समोर खुर्ची टाकून बसायची. चॅनेल बदलू द्यायची नाही, झोपताना बंद करू द्यायची नाही. नवऱ्याला म्हणायची, "अहो, एकदा हाक मारा. तुम्ही बोलावल्याशिवाय तो आत यायचा नाही."

"मेलेल्याला हाक मारू? गल्ली हसेल मला."

शेवटच्या दिवशी तिनं पाणी मागितलं नाही, तेच मागितलं. म्हाताऱ्यानं तेव्हाही नाही मारली हाक.

तर फ्यूज पोचला. टीव्ही चालूच होता. पडद्यावर बंद फाटक, बाहेर रस्त्यावरचा दिवा.

"काका, नेण्याआधी तपासतो. डाग बसला असणार."

"कसला डाग? ती रोज फडक्यानं पुसायची."

"तसला नाही हो. एकच चित्र सारखं लावलं की ते पडद्यात जळून बसतं. मग जात नाही. वर तेच चित्र चालू असलं की कळत नाही, पडदा कोरा केला की दिसतं."

म्हातारा हसला. कडूच. "माझ्या डोक्यात पण तिनं एकच लावून धरलं होतं. तिथे नाही रे काही बसलं."

फ्यूजनं पेन ड्राइव्ह लावला. त्यात तपासायला नुसता राखाडी रंग ठेवलेला असायचा. पडदा राखाडी झाला आणि फाटक वर आलं. गज, कडी, बाजूचा खांब. पुसट, पण सगळं जिथल्या तिथे. हे त्याच्या रोजच्या धंद्यातलं. पण गजांच्या मागे...

तो जवळ गेला.

गजांच्या मागे कोणीतरी उभं होतं.

त्यानं परत कॅमेरा लावला. फाटक. रस्ता रिकामा. परत राखाडी. उभं होतं. एका पायावर भार. हात खिशात. मान जरा खाली.

"काका... हे कोण?"

म्हातारा चष्मा शोधायला लागला. चष्मा कपाळावरच होता. तो खाली घेतला. बघितलं.

"नीघ म्हटलं तेव्हा... असाच उभा होता."

फ्यूजला धंद्यातलं ठाऊक होतं. हलणारी वस्तू पडद्यात बसत नाही. कोणी घटकाभर येऊन गेला तर काही उमटत नाही. एवढं बसायचं तर त्या जागी उभंच राहावं लागतं. न हलता. महिनेच्या महिने.

"तिच्यासमोरच होता?" म्हातारा म्हणाला. "एवढा वेळ?"

"वरचं चित्र चालू होतं ना, काका. एकदा जरी पडदा कोरा केला असता..."

पुढचं फ्यूजनं गिळलं.

म्हातारा उठला. चप्पल न घालता बाहेर गेला. फ्यूजनं हातातल्या रिमोटचं बटण दाबलं, कॅमेरा लावला. पडद्यावर म्हातारा पाठमोरा फाटकाकडे चालला होता. कडी वाजली ती टीव्हीतून नाही, खरीखुरी बाहेरून ऐकू आली. उजवी झडप त्यानं आत ओढली.

आणि हाक मारली. लहानपणीच्या नावानं. आवाज फाटला. परत मारली.

"ये रे... आत ये. चुकलं माझं. जेवायला ये."

गल्लीत कोणी हसलं नाही.

रस्ता रिकामा.

म्हातारा उभा. मग... बाजूला सरकला. बसच्या दारात उतारूला वाट देतात ना, तसा. अंग चोरून. आणि मान हळूहळू वळवली, रस्त्याकडून घराकडे, कोणी जवळून चालत गेल्यासारखी.

फ्यूजनं दाराकडे बघितलं नाही. नाही बघवलं.

बऱ्याच वेळानं म्हातारा आत आला. झडप उघडीच ठेवून. टीव्हीकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. बायकोच्या रिकाम्या खुर्चीपाशी खाली बसला, खुर्चीच्या हातावर कपाळ टेकलं.

"अगं," म्हणाला, "मारली गं हाक."

पुढे नुसता रडला. ते रडणं फ्यूजनं मला कधी सांगितलं नाही.

टीव्ही त्यानं नेला नाही. पेन ड्राइव्ह काढायच्या आधी, काढू का नको करत, एकदा राखाडी लावलं.

गजांच्या मागे कोणी नव्हतं.

आणि तीन वर्षं बंद राहून पडद्यात जळलेलं ते फाटक... त्याची उजवी झडप उघडी होती.