मोठा निर्णय वर्षभर नाही

इंदिरानगरातल्या त्या शाळेच्या फाटकापर्यंत येऊन मोहिनी दोनदा परत फिरली होती. हेल्पलाइनवरच्या माणसाने सगळं नीट सांगितलं होतं — गुरुवार, संध्याकाळी सात, तळमजल्यावरचा शेवटचा वर्ग. तिसऱ्या गुरुवारी ती तरातरा आत शिरली आणि दारातच खुर्च्या घेऊन येणाऱ्या एका तरुणावर आदळली. खुर्च्या धाडधाड कोसळल्या.

"लागलं नाही ना?" तो गडबडला. मग हळूच म्हणाला, "घरच्यांची मीटिंग शनिवारी असते. तुमचे मिस्टर येतात का इथे?"

"मिस्टर नाहीत." तिचे कान तापले, पण नजर खाली गेली नाही. "दारू माझी आहे."

पडलेली एक खुर्ची उचलून, रुमालाने पुसून त्याने तिच्यासमोर ठेवली.

"मग बसा. मी कुंदन. माझी सुटून तीन वर्षं झाली."

बारा पुरुषांत ती एकटीच बाई. तरी तिने सांगून टाकलं — द्राक्षबागेतली नोकरी, पाहुण्यांना वाइन चाखवणं, ते गेल्यावर उरलेल्या बाटल्या, मग कपाटात साड्यांखाली लपवलेली व्हिस्की. एकोणतिसाव्या वर्षी थरथरणारे हात. गेलेली नोकरी.

मागून कोणी तरी पुटपुटलं, "आता बायकापण..."

"हो, बायकापण," ती वळून म्हणाली. "आणि पुढच्या गुरुवारीपण."

कुंदन खाली मान घालून हसला. त्याच्या गालावर खळी पडते, हे तिने पाहिलं आणि स्वतःवरच चिडली.

पुढे मीटिंग संपली की दोघं जॉगिंग ट्रॅकच्या कडेने तिच्या घरापर्यंत चालत जायचे. कुंदन कळवणचा. शेतांवर सोलर पंप बसवायचा, त्यामुळे शर्टाला कायम मातीचा वास. मोहिनी आता एका चष्म्याच्या दुकानात होती.

"तुम्ही माझ्याकडे बघताना डोळे बारीक का करता?" तिने एकदा विचारलं. "नंबर तपासून घ्या."

"लांबचं नीट दिसतं मला." तो थांबला. "जवळचं... बघायची अजून परवानगी नाही."

"कोणाची?"

"ग्रुपमधली जुनी माणसं सांगतात ना — दारू सोडल्यावर पहिल्या वर्षात मोठा निर्णय नाही. नोकरी, घर, लग्न... काहीच नाही."

"आणि भांडण?"

"छोटं चालतं."

मग ती दर गुरुवारी छोटंसं भांडण शोधू लागली.

नवव्या महिन्याच्या शेवटी आईने एक स्थळ आणलं. "तेवढं एक बोलू नकोस," आईने हात जोडले. पाहुणे आले, पोहे झाले. मुलाच्या आत्याने सहज विचारलं, "गुरुवारी संध्याकाळी कुठे असते ही?"

"भजनाला," आई घाईने म्हणाली.

मोहिनीने बशी खाली ठेवली. "दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला. मी प्यायचे. नऊ महिने झाले, घेतलेली नाही."

पाहुणे चहा न घेताच उठले. आईने स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. मोहिनी बाहेर पडली, ती थेट दारूच्या दुकानासमोरच थांबली. तिने कुंदनला फोन लावला. वीस मिनिटांत त्याची मोटरसायकल समोर उभी.

"मला घरी सोडता?"

"नाही. आज रविवार, गंगापूर रोडला मीटिंग असते. तिथे सोडतो."

"मला मीटिंग नकोय! मला... तुम्ही माझे कोण आहात, कुंदन?"

हँडलवरची त्याची मूठ घट्ट झाली. "तीन महिन्यांनी सांगतो. आत्ता बसा."

ती रडत होती, चिडली होती, तरी बसली.

वर्ष पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच सकाळी तो मोहिनीच्या दारात उभा होता — इस्त्रीचा शर्ट, आणि सोबत कळवणहून आलेली त्याची आई, धोंडाबाई.

तो का आलाय हे मोहिनीच्या आईला सांगावं लागलं नाही. "दोघंही दारूतून उठलेले!" ती म्हणाली. "उद्या एकाचा पाय घसरला तर कोण कोणाला सावरणार?"

"कोणीच नाही," मोहिनी म्हणाली. "त्याची त्याने सोडलीय, माझी मी. आम्हाला फक्त संसार एकत्र करायचाय."

धोंडाबाईने पदर सारखा केला. "ताई, माझा मालक पीत व्हता. मी थेंबाला शिवले नाय. तरी कुठं सावरता आलं मला? तो खोटं बोलायचा, मी झाकायची. ही पोरं खरं बोलत्यात. मला तेवढं लय हाय."

आई तडक स्वयंपाकघरात गेली. धोंडाबाईही आपणहून तिच्यामागे गेली.

गॅलरीत दोघंच उरली.

"विचारलं होतंस ना, कोण आहे मी तुझा..." कुंदन म्हणाला. "मला तू आवडतेस. त्या खुर्च्या पडल्या तेव्हापासून."

"एवढं सांगायला वर्ष लावलंस?" तिने त्याचा हात धरला.

समोरच्या इमारतीत कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघू लागली. कुंदन हात सोडवू लागला. मोहिनीने बोटांत बोटं गुंतवली आणि त्या बाईकडे बघून छान हसली.

तेवढ्यात आई शिऱ्याच्या बशा घेऊन दारात आली. गुंतलेल्या हातांकडे तिने पाहिलं. डोळे दंडाला पुसले.

"आधी गरम आहे तोवर खा," ती म्हणाली. "हात काय, नंतरही धरता येतील."

"एका हाताने खातो आम्ही," मोहिनी म्हणाली, आणि बशी घ्यायला तिने दुसरा हात पुढे केला.