बुंदीचा पाहुणचार

अक्कलकोट रोडवरच्या त्या प्राण्यांच्या निवाऱ्यापाशी मी रिक्षातून उतरले आणि आमच्या कुत्रीनं, बुंदीनं, माझ्या हातातून पट्टाच सोडवून घेतला. धावत जाऊन तिनं पाण्याची बादली नेणाऱ्या एका उंच तरुणावर झेप घेतली. बादली पालथी... तो नखशिखांत ओला!

"सॉरी... ही अशीच आहे—"

"एप्रिलच्या सोलापुरात कुणी आंघोळ घातली, तर सॉरी कशाला?" तो हसला.

मला मात्र रडू फुटलं.

माझी आई, म्हणजे अव्वा, बुंदीला अडखळून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण दादा म्हणाला, आता कुत्री घरात नको. मी तिला कायमची सोडायला आले होते.

निवारा तो भिजलेला तरुणच चालवायचा. नंदीश त्याचं नाव. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं.

"अव्वांना विचारलंत?"

"...नाही."

"मग कायमची नको. त्या चालायला लागेपर्यंत ही आमची पाहुणी. ती मांजर दिसली? तिला पाळणारे आजोबा सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आहेत. रोज फोनवर त्यांचा आवाज ऐकवतो तिला."

ओल्या गोणपाटावर एक आंधळा कुत्रा पसरला होता. येणारा-जाणारा आधी त्याला नावानं हाक मारायचा, मगच हात लावायचा. ते बघून मी पट्टा नंदीशच्या हातात दिला. बोटं तिथं जरा जास्तच रेंगाळली...

रोज संध्याकाळी नंदीशचा व्हिडिओ कॉल यायचा. "जेवलीस का गं बाई?" अव्वा खाटेवरून विचारायची आणि पलीकडं बुंदी फोनची काच चाटायची. मग नंदीश अव्वालाच दटावायचा, "आज किती चाललात? तुम्ही उभ्या राहिल्याशिवाय ही येत नसते." वॉकरला हात न लावणारी अव्वा हळूहळू उंबऱ्यापर्यंत जायला लागली. फोन ठेवताना तो मलाही विचारायचा, "आणि तुम्ही जेवलात?"

"चौकशी बुंदीची चाललीय की माझी?"

"बुंदी तर माझ्यासमोरच हाय की..."

जूनमध्ये तो तिला घेऊन भवानी पेठेत आमच्या घरी आला. पायात न घुटमळता मागून चालायला त्यानं तिला शिकवलं होतं. गळ्यात घुंगरू बांधलं होतं, ती कुठं आहे ते अव्वाला कळावं म्हणून.

दादा दारातच उभा. "परत पाडलं तर?"

"महिनाभर दर रविवारी येऊन बघतो. नाही जमलं, तर मीच घेऊन जाईन," नंदीश म्हणाला.

आणि तो आला, दर रविवारी. अव्वा पुढं, घुंगरू मागं. एका सकाळी तर दादाच कुणाला न सांगता बुंदीला फिरवून आला!

शेवटच्या रविवारी मी नंदीशला जिन्यापर्यंत सोडायला गेले.

"संस्थेतर्फे ही शेवटची भेट," पायानं चपला चाचपडत तो म्हणाला.

"आणि तुमच्यातर्फे?"

त्याचे कान लालबुंद.

"माझ्यातर्फे... अजून एकही झाली नाही, दानेश्वरी. पहिलीला कधी येऊ?"

माझं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते मी.

"तुम्ही नका येऊ," मी म्हटलं. त्याचा चेहरा पार उतरला, तशी घाईनं पुढं बोलले, "उद्या... मीच येते."

तो हसला आणि उलटसुलट घातलेल्या चपलांनीच जिना उतरून गेला.