बुडणाऱ्या खडकाचा मालक कोण?

गोजीनं शेवटचा धोंडा रचला, हात झटकले आणि म्हणाली, "बोल चिंबोरी, झालं की नाही बेट?"

चिंबोरी म्हणजे आजोबांची खेकड्यासारखी आठ पायांची रोबो. समुद्राचा तळ मोजायला बनवलेली, पण गेला आठवडाभर बिचारी गोजीसाठी चोरून दगड वाहत होती.

"काल भरतीत शेंडा वर राहिला खरा. पण हे बेट आहे का, ते आजोबांना विचार."

"विचारायचं काय त्यात? दिसत नाही का तुला?"

हा कालवखडक. ओहोटीला उघडा पडायचा, भरतीला गडप व्हायचा. एका अंगाला फेसबेट, म्हणजे गोजीचा देश, आणि दुसऱ्या अंगाला मोरबेट. समुद्र वर चढला तेव्हा ज्या टेकड्या उरल्या, त्यांवर वसलेले हे दोन चिमुकले देश. गोजीची आई याच खडकाला चिकटलेली कालवं, म्हणजे खायचे शिंपले, काढून घर चालवायची. आणि महिन्यापूर्वी मोरबेटच्या सरकारनं जाहीर केलं, की खडक आमचा, फेसबेटच्या माणसानं पाय ठेवायचा नाही. घरात चूल थंड पडायची वेळ आली. आज लवाद (दोन्ही देशांनी मिळून नेमलेला पंच) खडक बघायला येणार होता.

आजोबा होडीतून उतरले आणि दगडांचा ढीग बघून हसायलाच लागले.

"हसताय काय? आता बुडत नाही तो. म्हणजे जमीन झाली, आणि जमीन आपण केली!"

"गोजे, समुद्राच्या कायद्याच्या करारावर (देशांनी सही करून एकमेकांना दिलेला शब्द) आपल्या दोन्ही देशांनी सही केलीय. त्यात बेट म्हणजे निसर्गानं घडवलेली आणि भरतीतही पाण्यावर राहणारी जमीन. रचलेली नाही चालत. नाहीतर ज्याच्याकडे धोंडे जास्त, त्याचाच समुद्र झाला असता."

"मग हा खडक काय आहे?"

"हा ओहोटीचा उंचवटा (ओहोटीत दिसणारा, भरतीत बुडणारा). झेंडा रोवून तो आपला करता येत नाही. ज्याच्या समुद्रात, त्याचा. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्र देशाचा असतो. आपले दोन देश पडले जवळजवळ, म्हणून मधोमध रेषा मारायची."

"मारली मी," चिंबोरी म्हणाली. "खडक रेषेपलीकडे आहे. थोडासाच, पण पलीकडे."

गोजीनं धोंड्याला लाथ हाणली. अंगठा ठेचकाळला. "मग आईनं काय करायचं?"

"थांब की. खडक त्यांचा असेल, पण पिढ्यान् पिढ्या इथं पोट भरणाऱ्यांचा हक्क रेषेनं पुसला जात नाही, असंही काही लवादांनी मानलंय. त्याला परंपरागत मासेमारीचा हक्क म्हणतात. फक्त दाखवून द्यावं लागतं, की आपण येत होतो आणि कुणी हाकलत नव्हतं."

"मग दाखवू!" गोजी ताठ उभी राहिली.

इतक्यात लाँच आली. लवाद म्हणून आलेल्या इरावतीबाई उतरल्या, मागोमाग मोरबेटचा गुळगुळीत बुटांचा अधिकारी.

"फेसबेटचे लोक इथं कधी येतच नव्हते, बाई," तो म्हणाला. "आमच्या बायका तर यांना ओळखतही नाहीत."

"खोटं! माझी आई रोज यायची!"

"तुझी आई तुझ्याच बाजूनं बोलणार ना, बाळ? दुसरं कोण सांगेल?" इरावतीबाईंनी विचारलं.

तेवढ्यात गोजीच्या घोट्याला गार पाणी लागलं. पलीकडच्या कडेला मोरबेटच्या बायका समुद्राकडे पाठ करून कालवं काढायला वाकलेल्या. भिजू देत मेल्या, असं क्षणभर तिला वाटलं. पण तोंड आपसूक उघडलं.

"पाणी आलंऽऽ!"

मान वर न करता साऱ्या बायका एका सुरात ओरडल्या, "टोपल्या उचलाऽऽ!"

टोपल्या डोक्यावर घेऊन त्या इकडे आल्या. पुढची म्हातारी म्हणाली, "गोजे, आई कुठंय गं तुझी? महिना झाला, दिसली नाही."

अधिकारी एकदम खोकायला लागला.

"ओळखता हिला?" इरावतीबाईंनी विचारलं.

"हिला काय, हिच्या पणजीला ओळखायची मी. पाणी जिला आधी दिसेल तिनं हाळी द्यायची, मग ती इकडची असो की तिकडची. मी पोर होते तेव्हापासूनची रीत आहे ही."

इरावतीबाई अधिकाऱ्याकडे वळल्या. "तुमच्या सरकारनं यांना आधी कधी हाकललं होतं?"

"हाकलायला हवं होतं, बाई…" त्याचे बूट भिजले होते.

पुढच्या महिन्यात निकाल लागला. खडक मोरबेटच्या समुद्रातला, कालवं मात्र दोन्हीकडच्या बायकांची.

त्याच दिवशी ओहोटीला गोजी पुन्हा खडकावर हजर झाली. तिच्या ढिगाखाली बरीच कालवं गाडली गेली होती. धोंडे उचलायला मोरबेटची पोरंही आली.

"आधी रचा, मग काढा," चिंबोरी कुरकुरली.

"आजोबा, मी मोठी झाले की लवाद होणार. देशादेशांची भांडणं सोडवणार."

"हो की. पण लवादाला डोकं थंड ठेवावं लागतं बरं का."

"ठेवीन म्हटलं ना!" गोजी खेकसली, आणि तिनं पुढचा धोंडा उचलला.