अवसेची पाळी

मोबाईल ठेवा बाजूला. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली त्या भिमाजी गुरवानंच मला सांगितली. धडधाकट आहे अजून, पण दिवस मावळला की देवळाकडं तोंड करून बसत नाही.

आमच्या पाथर्डीकडं भैरोबाची पूजा दोन गुरव घरांत वाटलेली. या अवसेपासून त्या अवसेपर्यंत एकाची पाळी, मग दुसऱ्याची. बदलायच्या रात्री जुना गुरव गाभाऱ्यातून विचारायचा, "पाळी कोनाची?" नवा उंबऱ्याबाहेरून आपलं नाव सांगायचा. नाव आलं की जुन्यानं मुकाट उठून जायचं. असा रिवाज.

दुसरी पाळी भिमाजीच्या चुलतभावाची, रामहरीची. त्याची चारही बोटं कडबा कुट्टीच्या यंत्रात गेलेली, म्हणून देवाला गंध अंगठ्यानं लावायचा. तो वारला आणि त्याची बायको छबूबाई पूजा करू लागली, तर भिमाजी कोर्टात गेला. रामहरीनं जिवंतपणीच आपल्याला हक्क सोडून दिला, असं शपथेवर सांगितलं. धादांत खोटं. पण निकाल त्याच्याच बाजूनं लागला. छबूबाई एवढंच म्हणाली, "भावजी, मी न्हाई भांडत आता. ज्याची पाळी हाय, त्यो बघंल."

गेल्या सालची आखाडातली अवस. पाथर्डीहून तेल-कापूर घेऊन भिमाजी शेवटच्या एसटीनं गावात उतरला. गडी खुशीत होता, आता बारा महिने देव त्याचाच. देवळात दिवा लावला, जुना हार उतरवला. आणि जन्माच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं,

"पाळी कोनाची?"

स्वतःशीच हसला तो.

बाहेर कुणीतरी खाकरलं...

"रामहरीची."

तोच आवाज.

भिमाजीला वळवेना. उंबऱ्यावर पाऊल वाजलं. ओलं. मग दुसरं... मग काहीच नाही.

रिवाजच तो. भिमाजी उठला. डोळे गच्च मिटले. दार अरुंद, एका माणसापुरतं. त्याला वाट द्यायला कुणीतरी बाजूला सरकलं...

बाहेरून कुलूप घातलं. रात्रभर किल्ली मुठीत.

सकाळी चार माणसं आणि छबूबाई यांच्यासमोर कुलूप काढलं. देव न्हालेला. कपाळावर ताजं गंध, रुंद, अंगठ्याएवढं. भिमाजीनं किल्ली छबूबाईच्या पायाशी ठेवली. तिनं तिकडं पाहिलंही नाही. देवाकडं बघत डोक्यावरचा पदर तेवढा पुढं ओढला, नवरा घरात आल्यावर ओढायची तसा.

गंध अजून ओलं होतं.