मागच्या माणसाची बॅटरी

लाइट गेली म्हणून उठू नका. मेणबत्ती लावलीये, चहाही सांगितलाय. तुम्ही मघाशी हसत विचारलंत ना, की अपघाताचे दावे लढवणारी ही बाई दिवेलागणीनंतर मंद्रूपचा रस्ता का टाळते? सांगते. पण आधीच सांगून ठेवते, मी बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरात वाढले. भूतखेत, करणी, देवरुषी यांना आमच्या उंबऱ्याच्या आत कधी जागा नव्हती, आजही नाही. आणि खरं सांगायचं तर या गोष्टीची मला भीती कमी वाटते, चीडच जास्त येते.

माझी एक सवय आहे. अपघाताची जागा मी अपघात झाला त्याच वेळेला जाऊन बघते. भर दुपारी काढलेल्या फोटोत सगळंच लख्ख दिसतं. वळण, खड्डा, कडेची बाभळ. पण गाडी धडकली तेव्हा काय दिसत होतं ते कळायला त्याच अंधारात उभं राहावं लागतं. म्हणून त्या दिवशी कोर्ट सुटल्यावर मी मायाक्काला स्कूटरवर मागे बसवलं आणि मंद्रूपच्या अलीकडच्या आतल्या रस्त्याला लागले. दिवाळी होऊन गेली होती. अंगाला गारवा लागत होता.

मायाक्का म्हणजे धुळाची बायको. मेंढरं राखणारी माणसं. आदल्या वर्षी याच रस्त्यावर, दिवस मावळता मावळता, एका पांढऱ्या मोठ्या गाडीनं धुळाला उडवलं. गाडी शिवशरणशेठची, ज्यांचा चिंचोळी एमआयडीसीत कारखाना आहे. मायाक्कानं नुकसानभरपाईचा दावा लावला होता आणि तो मी चालवत होते. शेठच्या वकिलांचं उत्तर वाचलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. काय म्हणे, मयत इसम काळं घोंगडं पांघरून, हातात कसलाही उजेड नसताना, अचानक रस्त्याच्या मधोमध आला. सबब अपघाताला तो स्वतःच जबाबदार आहे. म्हणजे मारायचं तर मारायचं, वर मेलेल्याच्याच माथी खापर फोडायचं!

"बॅटरी हुती की हातात," मायाक्का स्कूटरवरून उतरत म्हणाली. ती हे मला नेहमी सांगायची. "कळप चालताना मी पुढं, त्ये मागं. मागच्या मान्साच्या हातात बॅटरी असतीयाच. आमची रीतच हाय ती. गाडी आली की मागचा मानूस बॅटरी फिरवतोय."

"पंचनाम्यात बॅटरी सापडली नाही, मायाक्का."

"मग कुटं गेली?"

तिला पैशापेक्षा हीच गोष्ट जास्त खात होती. गावात लोक म्हणायला लागले होते, धुळा आंधळ्यागत रस्त्यात शिरला. भावकीतली माणसंसुद्धा. ज्या माणसानं जन्मभर मेंढरं रस्त्यानं नेली, त्याला रस्त्यावर चालायची अक्कल नव्हती असं कोर्टाच्या निकालात लिहून आलं असतं, तर ती बाई ते उरावर घेऊन जगली असती. तिला एवढंच हवं होतं, की तिच्या माणसानं उजेड दाखवला होता हे कुणीतरी मोठ्यानं म्हणावं.

आम्ही चालत वळणावर आलो आणि थांबलो. कडेला एक पांढरी गाडी उभी होती. तीच गाडी. हेडलाइट लावलेले, इंजिन बंद. आत एक माणूस स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसला होता.

मी काचेवर टकटक केली. तो नवनाथ होता.

नवनाथ आमच्याच वस्तीतला. त्याच्या आईला, चांगुणामावशीला, मी लहानपणापासून ओळखते. तो शेठकडे ड्रायव्हर होता आणि पोलिसांच्या कागदोपत्री धुळाला उडवणारा आरोपीही तोच होता. माझ्या दाव्यातला सामनेवाला. मी त्याला पहिल्यांदा हेच सांगितलं, की बाबा, तू माझ्याशी बोलू नकोस, तुझा वकील बघ. पण त्यानं ऐकलंच नाही. तो बोलायलाच बसला होता जणू.

"ताई... मी नव्हतो गाडीत."

काच खाली होताच आतून वास आला. ओल्या लोकरीचा. मेंढरं ओढ्यातून वर आल्यावर येतो तसा, जड आणि उग्र. आदल्या महिन्यात थेंबभर पाऊस झाला नव्हता.

"त्या दिवशी मी बार्शीला हुतो, मेव्हण्याच्या लग्नाला. गाडी विरेशनं चालवलेली. शेठचा पोरगा. त्याचं लायसन दारूपायी आधीच अडकवलेलं. रात्री शेठचा फोन आला, लगेच ये. म्हनाले, तू फकस्त मी हुतो म्हन. बाकीचं वकील लिवतील." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मी म्हनलो."

तुम्हाला यात नवल वाटत असेल. आम्हाला नाही वाटत. चालवायचं मालकाच्या पोरानं आणि उभं करायचं आमच्या वस्तीतल्या पोराला, हे इतकं सर्रास चालतं की त्याला कुणी पाप म्हणत नाही, व्यवस्था म्हणतात. ड्रायव्हर उभा करणे. पाहुण्याला खुर्ची द्यावी इतक्या सहज बोलतात. नवनाथचं लायसन्स स्वच्छ होतं, विम्यालाही चालणारं होतं. वर त्याच्या तोंडी वाक्यही घातलं होतं, की मयताच्या हातात उजेड नव्हता. जो तिथं नव्हताच तो साक्षीदार!

"मग इथं कशाला येतोस?" मी विचारलं.

"मी येत न्हाय ताई. दिवस मावळला की गाडी हिकडंच वळतीया." तो समोर बघतच बोलत होता. "जबाबावर सही केली त्या दिवसापासनं... मला सगळं आठवतंय. मी नव्हतो, तरी आठवतंय. हितं वळण घेतलं की समोर बॅटरी फिरती. अशी... गोल. लई येळ फिरती. मला ब्रेक दाबायचा असतोय, पाय उचलतच न्हाय. मग काचंवर उजेड येतो आनि त्याचं तोंड दिसतंय. एक हात बॅटरीचा. दुसऱ्या हातात घोंगड्यात गुंडाळल्यालं कोकरू. काळं, कपाळाला पांढरा ठिपका..."

मायाक्का तोवर माझ्या मागे उभी होती. तिनं माझा दंड धरला. एवढा घट्ट, की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता.

"व्हय," ती हळूच म्हणाली. "वाटंतच मेंढी व्याली हुती. ओढ्याच्या काठाला. म्हनून त्ये मागं ऱ्हायले. कोकराला चालता येईना, म्हनून उचललं."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"कुनालाच न्हाय सांगितलं. मान्साचं कुनी नीट इचारंना, कोकराचं कोन इचारतंय?"

कोकरू पंचनाम्यात नव्हतं. रस्त्यावर मेलेलं सापडलं नव्हतं, जिवंतही सापडलं नव्हतं. त्या कोकराचं पृथ्वीवर कुणाला ठाऊक होतं तर मायाक्काला, आणि या बार्शीत लग्नाला गेलेल्या माणसाला.

"ताई, त्यानं मारनाऱ्याचं तोंड कुटं बघितलं?" नवनाथ म्हणाला. "त्याच्या डोळ्यांवर लाइट हुता. मी हुतो म्हनून सही मी केली... मग त्यो माज्याकडंच येनार की."

मला तेव्हा भीती वाटायला हवी होती. मला वाटला संताप. जिवंतपणी ज्याला कुणी एक कागद धड वाचून दाखवला नाही, त्या धुळानं मेल्यावर पोलिसांच्या कागदावर विश्वास ठेवावा! आणि तिथंही धरला जावा तो नवनाथच. विरेश मात्र सोलापुरात गाढ झोपत होता.

परतताना माझ्या डोक्यात वकिली विचार फिरत होते आणि त्यांचीही मला लाज वाटत होती. नवनाथ साक्षीला उभा राहून 'मीच चालवत होतो आणि मयताच्या हातात बॅटरी होती' एवढं म्हणाला असता, तर मायाक्काचा दावा तिथंच सरळ झाला असता. खोट्याच्या पाठीवर बसून खरं कोर्टात आलं असतं. 'मी नव्हतोच' म्हणाला, तर बॅटरीबद्दल बोलायचा त्याला हक्कच राहत नव्हता. शिवाय खोटी माहिती दिल्याबद्दल तोच आत गेला असता. मी त्याला काहीच सांगितलं नाही. सांगण्याचा अधिकारही नव्हता मला.

शेठच्या वकिलांनी त्याला साक्षीला आणलं तो दिवस मला स्वच्छ आठवतो. भर दुपार होती. खिडक्यांतून ऊन आत आलं होतं, वर पंखा कुरकुरत होता. मागच्या बाकावर शिवशरणशेठ बसले होते, शेजारी विरेश मोबाइल चाळत होता. मायाक्का भिंतीला टेकून उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

वकिलांनी ठरलेला प्रश्न विचारला. "अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं?"

नवनाथनं आधी मायाक्काकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी नव्हतो साहेब. मी बार्शीला हुतो. माज्याकडनं खोटं वदवून घेतलं."

विमा कंपनीचे वकील ताडकन उभे राहिले. शेठचे वकील एकदम लाल झाले. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"पन त्या मान्साच्या हातात बॅटरी हुती," नवनाथ पुढे म्हणाला. "त्यानं दाखवली हुती."

शेठचे वकील हसले. अगदी मोठ्यानं हसले, तेही मायाक्काच्या तोंडावर. "तू बार्शीत होतास ना? मग बार्शीतून तुला मंद्रूपची बॅटरी दिसली होय रे?"

नवनाथचे खांदे खाली आले. बऱ्याच दिवसांचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसा तो कठड्याला टेकला आणि त्यानं डोळे मिटले. त्याच वेळी मला तो वास आला. ओल्या लोकरीचा. माझ्या शेजारून, दोन बाकांच्या मधल्या वाटेनं, सावकाश मागे सरकत गेलेला. मायाक्कानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. घरातलं वडीलधारं माणूस समोरून गेल्यावर बाया ओढतात तसा.

"बंद कर!"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. विरेश उभा होता. मोबाइल खाली पडला होता आणि त्यानं डोळ्यांवर आडवा हात धरला होता. त्याच्या तोंडावर ऊन नव्हतं, तो सावलीत होता.

"बॅटरी बंद कर आधी... बंद कर ना... दिसत नाहीये मला पुढचं!"

शेठनं त्याचा हात ओढून त्याला खाली बसवलं. पण ते बोलणं अख्ख्या कोर्टानं ऐकलं होतं, आणि न्यायाधीशांनी शब्दाला शब्द नोंदवून घेतलं. पुढच्या तारखेला विरेशलाच साक्षीला बोलावलं गेलं. शेठनं आजारपणाचं कारण काढून बघितलं, पण पोरगा स्वतः चालत आला. सगळं सांगितलं त्यानं. गाडी तो चालवत होता. धुळा कडेनं चालत होता, बॅटरी फिरवत होता. "मला वाटलं होईल बाजूला," एवढंच म्हणाला. आणि बॅटरी त्यानंच उचलून ओढ्यात फेकली होती. कोकराबद्दल तो काही बोलला नाही, आणि खरं सांगते, मीही विचारलं नाही.

निकाल लागला. धुळाची काडीचीही चूक नाही असं न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिलं. विमा कंपनीनं मायाक्काला आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा हुकूम झाला. न्याय झाला म्हणाल तर झाला. पण नवनाथची नोकरी गेली, आणि खोटी माहिती दिल्याचा खटला त्याच्यावर आजही चालू आहे. त्याला खोटं बोलायला लावणारे शिवशरणशेठ परवाच कुठल्याशा शाळेत बक्षिसं वाटताना पेपरात झळकले. नवनाथ मात्र म्हणतो, ताई, आता झोप लागते.

निकालाची नक्कल हातात आल्यावर मायाक्का म्हणाली, "बाई, त्ये जिथं गेले तिथं जाऊन वाचून दाखवा की एकदा. त्यास्नी कळू द्या."

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. तरी मी गेले. त्या बाईनं एवढं एकच मागितलं होतं माझ्याकडे.

दिवस मावळला होता. वळणावर हेडलाइट दिसले. पांढरी गाडी कडेला उभी होती आणि गाडीच्या पुढे, उजेडात, विरेश उभा होता. दाढी वाढलेली, पायात काही नाही. दोन्ही हात छातीशी दुमडून धरलेले. तान्हं मूल धरावं तसे. हातात काहीच नव्हतं. तो जागच्या जागी हळूहळू डुलत होता.

"घ्या ना कुणीतरी," तो म्हणाला. आमच्याकडे न बघता. "रोज देतो मी... कुणी घेतच नाही..."

मी मायाक्काला मागे ओढलं. पण ती माझा हात सोडवून पुढे गेली. मला वाटलं, शिव्या देईल, थोबाडीत मारेल. मारलं असतं तरी मी आडवी गेले नसते. ती त्याच्या अगदी जवळ गेली आणि त्याच्या त्या रिकाम्या हातांत वाकून बघत राहिली. मग मेंढरं राखणारी बाई कोकराच्या पोटाखाली घालते तसा तिनं आपला तळहात अलगद खाली घातला.

आणि झटकन मागे घेतला.

ती माझ्याजवळ परत आली तेव्हा तिचा तळहात ओला होता. मी निकालाचा कागद तसाच धरून उभी होते. एक अक्षरही मला वाचता आलं नाही.

"चला बाई," ती अगदी हळू म्हणाली. "अजून गरम हाय त्ये."