संगतीत लिहिलेली मुलगी

केतकी बोंद्रे लिहायला बसल्या की सांगलीतल्या त्यांच्या घरात त्यांच्या खोलीकडे कुणी म्हणजे कुणी फिरकायचं नाही, असा दंडकच होता. आत ‘संगत’ चालू असायची ना! त्या काळात संगतीशिवाय लिहिणारा कादंबरीकार शोधूनही सापडला नसता. पुस्तकाच्या सुरुवातीला लेखक आधी संगतीचे आभार मानत आणि मग बायकोचे. आता बोला!

ही संगत काय चीज होती, ते सांगायलाच हवं. लेखकमंडळी पूर्वीपासून काही ना काही ऐकत लिहीत आली आहेत. कुणी एकच ठुमरी पुन्हा पुन्हा लावून घरच्यांचं डोकं उठवायचा, कुणाला मागे रेडिओ पुटपुटत असला तरच ओळ सुचायची, आणि एकाला तर म्हणे टेबलफॅनची घरघरच लागायची. पुढे मेंदूच्या अभ्यासकांनी कपाळाला बांधायची एक पट्टी काढली. लेखन रंगात आलं की मेंदूतल्या विजेच्या लहरी कशा चालतात, ते ती टिपून घ्यायची. मग मेंदू त्याच चालीवर राहावा म्हणून जागच्या जागी संगीत रचून लेखकाच्या कानात वाजवायची. मन भरकटलं की सूर बदलायचे आणि त्याला परत कागदाशी आणून बसवायचे. ज्याची संगत त्यालाच लागू पडे. दुसऱ्या कुणी ऐकली तर त्याला जांभया यायच्या.

केतकीताईंची लेक जुई सातव्या महिन्यात माहेरी आली. तिचे वडील ती तान्ही असतानाच गेले होते. भावंडं नव्हती. म्हणजे जुईचं लहानपण डोळ्यांनी पाहिलेलं माणूस जगात एकच उरलं होतं, तिची आई. पहिलटकरणीला पडतात ते सगळे प्रश्न घेऊन जुई चहाच्या वेळी आईसमोर बसली.

“आई, मी कितव्या महिन्यात चालायला लागले गं?”

केतकीताईंनी कप खाली ठेवला. “लागलीस की. वेळेवर लागलीस.”

“आणि रात्री त्रास द्यायचे का? झोपवताना मला काय म्हणायचीस?”

“काय बाई… म्हणत असेन काहीतरी.”

“वा गं वा! शेजारच्या मांजरीला पिल्लं कधी झाली ते तुला आठवतं, आणि मी आठवत नाही होय?” जुई हसली. आई हसली नाही, तेव्हा तिचंही हसू गेलं.

“जुई, मी आठवायला जाते, तर तिथे काहीच नसतं गं,” केतकीताई म्हणाल्या. “तुझं हायस्कूल आठवतं, कॉलेज आठवतं, लग्न आठवतं. त्याच्या आधीचं कुणीतरी पुसून नेलंय. फोटो बघते तर कुणाचंतरी पोर दिसतं. महिनाभर तुला सांगू की नको, सांगू की नको असं चाललंय माझं.”

विस्मरणाचा आजार घरात शिरला, असंच दोघींना वाटलं. दुसऱ्याच दिवशी त्या मिरजेला डॉक्टर शबनम मुजावर यांच्याकडे गेल्या. मुजावरबाई स्मरणशक्तीच्या अभ्यासक. त्यांनी केतकीताईंच्या मेंदूच्या सगळ्या तपासण्या केल्या आणि मेंदू ठणठणीत निघाला. मग त्यांनी भलताच प्रश्न विचारला.

“केतकीताई, तुमच्या त्या पुराच्या कादंबरीतली मुलगी कुणावरून घेतलीत?”

“हिच्यावरूनच. जिवंत माणूस हाताशी असल्याशिवाय पात्र उभं राहत नाही, डॉक्टर.”

“किती वेळा लिहिलीत?”

“दहा-अकरा खर्डे झाले असतील. मी काही एका दमात लिहून मोकळी होणाऱ्यांतली नाही.” एवढ्या काळजीतही त्यांच्या आवाजात तोरा होता.

“आणि प्रत्येक वेळी संगतीत?”

“मग काय तर!”

मुजावरबाई म्हणाल्या, “आठवण म्हणजे जपून ठेवलेला फोटो, असं लोकांना वाटतं. तसं नसतं ते. आठवण काढली की ती मऊ पडते, आणि मेंदूला ती नव्याने साठवावी लागते. कपाटातून साडी काढायची, नेसायची आणि पुन्हा घडी घालून ठेवायची, तसं समजा. तुम्ही जुईच्या लहानपणाच्या साड्या दरवेळी संगतीत काढल्या, आणि घडी घालून दुसऱ्याच कपाटात ठेवल्या. त्या कपाटाची किल्ली म्हणजे ते सूर. सूर नसले की ते उघडत नाही.”

“असं बाकीच्यांनाही होतंय?” जुईने विचारलं.

“जे पुन्हा पुन्हा लिहितात, त्यांनाच. भराभर लिहून टाकणारे खुशाल आहेत. संगतीत यांना सगळं आठवतं, पण तेव्हा यांच्यासमोर कधी कुणी जात नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.”

“अहो, मग सोपंय की! संगत लावू या. आठवेल तिला.”

डॉक्टरांना ते फारसं रुचलेलं दिसलं नाही, पण दुपारी त्या सांगलीला आल्या. पट्टी बांधून केतकीताई आपल्या खोलीत बसल्या, डॉक्टर त्यांच्याजवळ. जुईला त्यांनी बाहेर बसायला सांगितलं होतं. ती दाराला कान लावून उभी राहिली.

आणि आई बोलायला लागली. “तेरा महिन्यांची झाली तरी पाऊल टाकेना. मला रडू यायचं. एकदा भोपळा हातातून सुटला आणि गडगडत निघाला, तर ही उठून त्याच्या मागे चालायला लागली! मला अंगाईबिंगाई काही येत नव्हती. भाज्यांची नावं चालीवर म्हणायचे. दोडका आला की खुदकन हसायची.” आवाज तरुण झाला होता. बाहेर जुईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ती हसतही होती. गेलं नव्हतं काही, सगळं होतं! मग आतला आवाज हळू झाला, ऐकू येईनासा झाला. जरा वेळाने डॉक्टर बाहेर आल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

“सगळं आठवलं ना तिला?” जुई म्हणाली. “आता काढा पट्टी.”

“काढणारच आहे. जुई, कादंबरीत त्या मुलीचं शेवटी काय होतं?”

ते कुणाला माहीत नव्हतं? ती कादंबरी वाचून लोक ढसाढसा रडले होते. नऊ वर्षांची मुलगी गच्चीवरून पुराच्या पाण्यात घसरते आणि सापडत नाही. खरी जुई त्याच वयात त्याच गच्चीवरून होडीत बसून सुखरूप बाहेर आली होती. पण मुलगी वाचवली तर कादंबरी उरत नाही, असं आई तेव्हा म्हणाली होती.

“घडी घालताना साडी बदलत गेली,” डॉक्टर म्हणाल्या. “आपली मुलगी पुरात गेली, असं त्यांना आत्ता आत आठवतंय. लिहिलेलं म्हणून नाही, घडलेलं म्हणून. त्यानंतरची तुम्ही त्या कपाटात नाहीच.”

जुईने विचारलं, “यावर उपाय?”

“सूर रोज थोडे कमी करत तेच आठवायला लावलं, तर आठवणी इकडे, रोजच्या कपाटात आणता येतील. पण येतील त्या सगळ्याच. तुमचा मृत्यूसुद्धा येईल. मग समोर तुम्ही, आणि मनात तुमचं जाणं. त्या कशाला खरं मानतील ते मला सांगता येणार नाही. हे केलं नाही, तर आज जशा आहेत तशा राहतील. तुम्हाला ओळखतील, पण तुमच्या लहानपणाशिवाय. आणि आत त्या जितक्या वेळा हे सांगतील, तितकं ते मरण पक्कं होत जाईल. म्हणून आता बंद करते.”

“थांबा. मला पाच मिनिटं आत जाऊ द्या.”

“वेडेपणा करू नका. मी आत्ताच काय सांगितलं?”

“कळलंय मला. मला भीती वाटतेय हो, खूप वाटतेय. पण तुम्ही पट्टी काढली की मी पुन्हा कधी कुणाच्या आठवणीत चालायला शिकणार नाही.”

डॉक्टरांनी तिचा हात धरला. तो सोडवून जुईने दार उघडलं.

केतकीताई पदराने डोळे पुसत होत्या. त्यांनी अनोळखी माणसाकडे बघावं तसं अदबीनं पाहिलं. “या ना. डॉक्टरांबरोबर आलात का?” मग त्यांचं लक्ष तिच्या पोटाकडे गेलं आणि स्वर एकदम बदलला. “अगं बाई, अशी उभी काय राहिलीस? बस, बस आधी. कितवा?”

“सातवा.”

“पहिलंच दिसतंय. माझी असती तर आज तुझ्याएवढीच असती बघ.” त्यांनी उशी तिच्या पाठीशी नीट सरकवली. “पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं. आईकडे आलीस ना?”

“हो,” जुई म्हणाली. “आईकडेच आलेय. तुम्ही सांगा ना तुमच्या मुलीबद्दल. पहिल्यापासून सांगा.”