दुसरा घोट

माझं नाव अबोली ठेवणं ही आईची आयुष्यातली एकमेव चूक, असं आमच्या दिवाळे गावात सगळे म्हणतात. मी गप्प बसल्याचं गावात कुणालाच आठवत नाही. पण शहाण्णव सालच्या एका श्रावणी सोमवारी मी चांगली पाच मिनिटं गप्प बसले होते... आणि जे व्हायचं ते नेमकं तेवढ्यात झालं.

दोन दिवस तापाने झोपून तिसऱ्या दिवशी मी कामावर गेले. निघताना आईने काडेचिराईताचा काढा बरोबर दिला. काडेचिराईत म्हणजे कारल्यालाही गोड म्हणायला लावणारं औषध. आमच्याकडे ताप, खोकला, पित्त, सगळ्यावर तेच. आई हा काढा भंगारवाल्याकडून घेतलेल्या बिअरच्या तपकिरी बाटलीत भरायची, कारण तिच्या मते त्या बाटलीत काही नासत नाही.

मी शिरवण्याला एका छोट्या प्रयोगशाळेत होते. आजूबाजूच्या कारखान्यांतून तेल, मसाला, पाणी असे नमुने यायचे आणि आम्ही तपासून अहवाल द्यायचो. नमुन्यांच्या फ्रिजमध्ये खायचं-प्यायचं ठेवू नका, असं आमचे मालक दिनानाथसर रोज बजावायचे. सगळ्यांचे डबे तरीही तिथेच असायचे, आणि त्यात सरांचाही असायचा.

दुपारी मी फ्रिज उघडून तपकिरी बाटली काढली. रबरी बूच उपटलं, स्टीलचा पेला भरला, डोळे मिटले, नाक दाबलं आणि चार घोटांत संपवला. लहानपणापासून मी तो काढा असाच पीत आलेय.

नाक सोडलं आणि मी थबकले. कडू होतं, भयंकर कडू. पण आईचा काढा जिभेवर ठाण मांडून बसतो, हलायचं नाव घेत नाही. हे मात्र हळूहळू पसरत गेलं... आणि मागून पपनसाच्या सालीचा वास आला. मी तशीच, डोळे मिटून, चव शोधत राहिले.

डोळे उघडले तेव्हा दारात एक मुलगा उभा होता. हातात भिजलेली छत्री, चष्म्यावर पाण्याचे थेंब. तो माझ्याकडे बघतच नव्हता, पेल्याकडे बघत होता.

"ती... माझी बाटली होती," तो म्हणाला.

"तुमची कशी? हा माझ्या आईचा काढा आहे."

त्याने उघड्या फ्रिजकडे बोट दाखवलं. आत दुसरी तपकिरी बाटली होती आणि तिच्या गळ्यात आईने ओळखीसाठी बांधलेला तांबडा दोरा होता. मी प्यायले तो मी रजेवर असताना आलेला नमुना, तपासून उरलेला, फेस विरलेला, चिठ्ठी ओलीने गळून पडलेली. मी कपाळावर हात मारला.

दुसरा कुणी असता तर भडकला असता. ह्याने खिशातून वही काढली, पेनचं टोपण दाताने उघडलं आणि विचारलं, "कशी वाटली?"

"कडू."

त्याने लिहिलं. "आणि?"

"खूप कडू."

"तेही लिहिलं. पुढे?"

"पुढे पपनसाची साल. सोलताना बोटांना लागतो ना, तो वास. मग शेवटी... नुकतं कापलेलं ओलं गवत." मी जरा विचार केला. "अजून थोडं मिळालं तर नक्की सांगता येईल."

तो लिहायचा थांबला. चष्मा काढून शर्टाला पुसला, आणि मला त्याचे डोळे पहिल्यांदा दिसले. इतकं लक्ष देऊन माझी बडबड आजवर कुणी ऐकली नव्हती, एवढं मला तेव्हाच कळलं.

मग मी विचारलं की हे आहे तरी काय.

"बिअर."

"आज सोमवार आहे," मी कशीबशी म्हणाले. "माझा उपास आहे."

"सातूची असते," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "उपासाला सातू चालतो?"

"नाही चालत."

"मग मोडला."

मला हसू आवरेना. महादेवाने मला माफ केलं असावं, कारण ताप त्याच संध्याकाळी उतरला.

त्याचं नाव स्वानंद. राहायला वाशीला, नोकरी तळोज्याकडच्या एका बिअरच्या कारखान्यात. त्याची आई शेजाऱ्यांना 'फूड प्रॉडक्टची कंपनी' असं सांगायची. बिअरला कडूपणा येतो तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांनी, हे मला त्याने सांगितलं. जहाजावर असलेल्या त्याच्या मावसभावाने अमेरिकेहून एक बाटली आणली होती. तिथल्या एका चिमुकल्या कारखान्याने तिच्यात ही फुलं सढळ हाताने घातलेली. तो घोट घेतल्यापासून स्वानंद कामातून गेला होता. कंपनीच्या मागे लागून त्याने हॉप्सच्या हिरव्या गोळ्यांचं एक पोतं मागवलं. न्हावा शेव्याला ते उतरलं खरं, पण कंपनीच्याच कस्टम्स एजंटाने गोळ्या पाहून कागदावर 'गुरांचं खाद्य' असं लिहून दिलं होतं. ते निस्तरण्यात पंधरा दिवस गेले.

ते पंधरा दिवसच नडले. बिअर तयार झाली ती गटारी उलटून गेल्यावर. कारखान्यात चाखणारे डझनभर, अकरा महिने बाटलीशी घरोबा असलेले, पण श्रावण म्हटल्यावर सगळे सोवळ्यात. कुणी थेंबाला शिवेना. आणि मोठ्या साहेबांनी तर अट घातली होती. गणपतीच्या आत बाहेरच्या प्रयोगशाळेचा चवीचा अहवाल आणा, तो चांगला नसेल तर प्रयोग बंद, आणि स्वानंदची रवानगी मराठवाड्यातल्या जुन्या कारखान्यात.

"तुम्ही चाखाल?" त्याने विचारलं.

आमच्या कोळीवाड्यात हळदीच्या दिवशी पिंपं रिकामी होतात, पण मुलींनी प्यायचं म्हणजे आईच्या हातचा प्रसाद खायचा. मी म्हणाले, "दोन चमचे. आणि सोमवार सोडून."

तेव्हापासून तो बुधवारी यायला लागला. त्याच टाकीतली बिअर, दर वेळी आणखी आठवडाभर मुरलेली. वाइन चाखून थुंकतात, बिअर मात्र गिळावी लागते, असं त्याने शिकवलं. कडूपणा घशापाशी कळतो म्हणे, थुंकली तर अर्धीच गोष्ट कळते.

"म्हणजे वरवर बघून काही कळत नाही तर," मी म्हणाले.

"नाही ना. म्हणून तर दर बुधवारी यावं लागतं."

"बिअरसाठी."

"हो... बिअरसाठीच." आणि त्याचे कान तांबडे झाले.

दुसऱ्या बुधवारी त्याने बाजारातून पपनस आणलं, सालीचा वास ताडून बघायला. आम्ही ते प्रयोगशाळेच्या मागच्या ओट्यावर बसून सोललं. बाहेर रिमझिम चालली होती. एकेक फोड सोलून तो माझ्या तळहातावर ठेवत होता, स्वतः खायचं विसरला होता. घरी जाताना मी बोटं धुतली नाहीत. मला तो आवडला होता, त्यात लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

मग अहवालाचा दिवस आला. दिनानाथसरांनी सल्ला दिला की 'सौम्य, भारतीय चवीला अनुकूल' असं लिहून मोकळी हो, गिऱ्हाईक खूश, आपण खूश. मी तसं टाइप केलं. त्या एका ओळीने स्वानंद इथेच राहणार होता. मग मी दुसरा कागद चढवला आणि खरं तेही टाइप केलं, ड्रॉवरमध्ये ठेवलं.

तो आला. मी पहिला कागद दिला. त्याने वाचला, परत वाचला.

"हे तू चाखलंस?" तो पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला.

"नाही. पण ह्याने तू इथे राहशील." मीही तू म्हणाले. "मला तू इथे हवा आहेस."

स्वानंदने कागदाची घडी घालून टेबलावर ठेवली.

"मलाही इथेच राहायचंय," तो हळूच म्हणाला. "तुझ्यासाठी... बिअर गेली खड्ड्यात. पण अख्ख्या कारखान्यात मला खरं सांगणारं कुणी नव्हतं. तू पहिल्या दिवशी तोंडावर 'कडू' म्हणालीस. ते नको घालवूस."

मी ड्रॉवर उघडला. दुसऱ्या कागदावर लिहिलं होतं: 'अतिशय कडू. पहिला घोट नकोसा वाटतो. दुसरा घेतल्याशिवाय राहवत नाही.' मी सही केली आणि कागद त्याला दिला. तो गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले आणि मग तिखटाचे सहा नमुने तपासले, म्हणजे डोळ्यांचं कारण सांगता आलं.

शुक्रवारी प्रयोगशाळेत स्वानंदचा फोन आला. मोठे साहेब पहिलं वाक्य वाचून कागद फेकणार होते म्हणे, पण तिसऱ्यापाशी अडले. लाल पेन्सिलीने त्याखाली दोन रेघा मारल्या. धंदा पहिल्या घोटावर चालत नाही, दुसऱ्यावर चालतो, असं म्हणाले आणि मोठ्या हॉटेलांसाठी दिवाळीपर्यंत एक टाकी मंजूर केली. स्वानंद एवढं भरभर बोलत होता की मला हूं म्हणायलाही फट मिळेना.

राहिली होती आमची आई. तिला सगळं आधीच कळलं होतं. त्या सोमवारी काढ्याची बाटली भरलेलीच परत आली, तेव्हापासून ती माझ्यावर डोळा ठेवून होती. दारूच्या कारखान्यातला मुलगा म्हटल्यावर तिने कोयता आपटून म्हावरं कापलं आणि म्हणाली की त्याला घेऊन ये, बघते.

गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तो दिवाळ्याला आला, वाटेत भिजून खोकत. आईने त्याला खाली बसवलं. चहा विचारला नाही. तांबड्या दोऱ्याची बाटली काढली आणि काठोकाठ पेला भरला.

"खोकला हाय ना? पी."

ह्या पेल्यापुढून माझे दोन मामा पळून गेलेत, आणि बाबा अजून खोकला आला की होडीत जाऊन झोपतात. मी त्याला खुणेने नाक दाब म्हणून सांगत होते.

त्याने नाक दाबलं नाही. एक घोट घेतला, तोंडात धरला, डोळे मिटून गिळला.

"खूप कडू आहे मावशी," तो म्हणाला. "मागे घशापाशी बसतो. पण वास लाकडाचा आहे... ओल्या लाकडाचा. आणि खाली किंचित गूळ."

आई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या काढ्यात सुपारीएवढा गूळ असतो, हे बाबांनाही पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं.

त्याने उरलेला पेला संपवला, खाली ठेवला, आणि जरा लाजत पुढे सरकवला.

"अजून थोडा आहे का?"

आई आधी त्याच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"आजवर ह्यो काढा कोनी दुसऱ्यांदा मागला नाय," ती म्हणाली, आणि राहिलेली सगळी बाटली तिने त्याच्या पेल्यात रिकामी केली.

पेल्याच्या कडेवरून तो माझ्याकडे बघत होता. आणि मी, अबोली, पुन्हा एकदा गप्प बसले होते.